हिरव्या शाळेची परीक्षा मे महिन्यात होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत वेगळ्या वाटेने शिकवू पाहणाऱ्या लहान शाळा गावोगावी उभ्या राहत आहेत. पन्नास-शंभर मुले, चार-पाच शिक्षक, एखाद्या हितचिंतकाने दिलेली एकर-दोन एकर जमीन, एवढ्यावर त्या सुरू होतात. मातीच्या भिंती, बांबूचे छत, पावसाच्या पाण्याची टाकी, गोबरगॅस, परसबाग असा परिसर बहुतेकांना हवा असतो, आणि मदत करणारेही भेटतात. मात्र चार-पाच वर्षांनी तिथे पुन्हा गेलात तर बांबूतून भुगा गळत असतो, पन्हळी निसटून लोंबत असतात, गॅसच्या टाकीवर माती साचलेली असते. मग गावात ठरून जाते की मातीबांबूचे काही टिकत नाही, आणि पुढची खोली टिनाच्या पत्र्याची होते. शाळांच्या इमारती आणि परिसर बांधण्या-राखण्याचे काम करणारे आम्ही काही कारागीर, शिक्षक आणि अभियंते आहोत. आमच्या मते दोष तंत्राचा नसतो. मे महिन्यात शाळेला कुलूप लागते आणि त्या दोन महिन्यांत परिसर कुणाकडे सोपवलेला नसतो, तिथे घात होतो. हे पत्र त्यासाठी. उदाहरणे वर्धा-यवतमाळकडची आहेत, कारण इथली काळी जमीन, इथले ऊन आणि इथली वानरे आम्हाला ठाऊक आहेत.

परिसर आणि शिक्षण जोडण्याचा विचार वर्ध्याला नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात झालेल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना गांधीजींनी मांडली; तिलाच नई तालीम म्हणतात. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम केला आणि आर्यनायकम दांपत्याने सेवाग्रामात ती प्रत्यक्षात आणली. मध्ये खंड पडला. २००५ पासून नई तालीमच्या त्याच परिसरात आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा चालते आणि शेती, स्वयंपाक, सूतकताई हे तिथे तासिकांचे विषय आहेत. जवळच गांधीजींचे राहते घर, बापूकुटी, आहे. तिचे मातीचे, बांबूचे, कवेलूंचे (कौलांचे) रूप पाहून अनेकांना आपली शाळा तशी बांधाविशी वाटते. ती इतकी वर्षे उभी आहे ती दरवर्षीच्या सारवण-लिंपणामुळे आणि कवेलू फेरण्यामुळे, म्हणजे काढून पुन्हा नीट लावण्यामुळे. पाहायला येणाऱ्याच्या नजरेला भिंत पडते, फेरणारे हात पडत नाहीत, आणि नेमके तेच आपल्या नकाशात उतरायचे राहून जाते.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ‘सरकारी मान्यतेसाठी सिमेंटचा स्लॅबच लागतो’ असे शाळा काढणाऱ्यांना सांगितले जाते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत ‘सर्व ऋतूंत चालेल अशी इमारत’ असे शब्द आहेत. शिक्षकागणिक एक वर्गखोली, मुख्याध्यापक-कार्यालय-भांडार मिळून एक खोली, विनाअडथळा प्रवेश, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पुरेसे सुरक्षित पिण्याचे पाणी, माध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकघर, मैदान, आणि भिंत किंवा कुंपण एवढ्या तिच्या अपेक्षा आहेत. काँक्रीटचा आग्रह तीत नाही. हे पान नकाशासोबत जोडून शाखा अभियंत्यांशी नीट बोलले तर पुष्कळ अडचणी टेबलावरच सुटतात.

आता जमिनीविषयी. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर टेकलेला पाया दरवर्षी थोडा वर-खाली होतो. पाया काळी माती ओलांडून पक्क्या मुरुमापर्यंत न्यावा. खोदून निघालेली काळी माती जोत्यात परत भरू नये. खर्च वाचवायला नेमके तेच केले जाते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात वर्गाची फरशी मधोमध उचलली जाते. जोत्यात मुरूम भरावा, तोही १५ सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून. भिंतीभोवती मीटरभर रुंदीची, बाहेर उतार असलेली फरशी हवी. तिच्यामुळे पायाजवळचा ओलावा वर्षभर सारखा राहतो. इमारतीला लागून मोठे झाड लावू नये. काळ्या जमिनीत झाडाची मुळे पायाखालचे पाणी ओढतात आणि त्या बाजूचा पाया बसतो.

भिंतीच्या विटांसाठी काळी माती चालत नाही, ती वाळताना आक्रसते. मुरमाड माती घ्यावी. पारखायला साधी काचेची बाटली पुरते: तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून ठेवून द्यायचे. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत. वाळूचा थर निम्म्याहून बराच जास्त आणि चिकणमातीचा साधारण दहा ते वीस टक्के असेल तर दाबविटांसाठी (न भाजता यंत्रात दाबून केलेल्या विटांसाठी) माती योग्य. तिच्यात पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून हातयंत्रावर विटा पाडाव्यात आणि तीन आठवडे सावलीत गोणपाटाखाली ओल्या ठेवाव्यात. विटा फसतात त्या बहुधा या तीन आठवड्यांत. फेब्रुवारीच्या वाऱ्यात उघड्यावर ठेवलेली वीट दोन दिवसांत वाळते, आतले सिमेंट कच्चे राहते, आणि पहिल्या पावसात कोपरे झिजतात. जोते दगडाचे, निदान ६० सेंटिमीटर उंच असावे. छपराची वळचण ७५ ते ९० सेंटिमीटर बाहेर यावी. एवढे असले की बाहेरून सिमेंटचा गिलावा लागत नाही. मातीच्या भिंतीवर तो करूही नये, त्याच्यामागे ओल अडकते आणि गिलावा पापुद्र्याने सुटतो.

मातीच्या घरांचे कौतुक करताना किल्लारी विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यातली कितीतरी माणसे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद यांच्याखाली गाडली गेली. छत हलके असावे. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर दोन्ही बाजूंना पोहोचणारे आरपार दगड असावेत. जोते, दारा-खिडक्यांची वरची पातळी आणि छपराची पातळी अशा तीन ठिकाणी चारही भिंतींना बांधून घेणारा सलग पट्टा असावा. पैसे कमी पडले तर खोल्या कमी कराव्यात, पण पट्टा गाळू नये. ज्या शाळेत मुले बसणार तिथे याला दुसरा पर्याय नाही.

छताचा प्रश्न विदर्भात सगळ्यात अवघड आहे. कवेलूंचे छत थंड असते, पण वानरांची टोळी एका सकाळी शेकडो कवेलू फोडते आणि ते घडवणारे कुंभारही कमी होत चालले आहेत. टिनाच्या शेडकडे लोक वळतात ते यामुळे, त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखाली डोक्यावर धग उतरते, आणि जुलैत पाऊस पडू लागला की शिक्षकाचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. आधीच पत्रा असेल तर दोन गोष्टी कराव्यात. मार्चमध्ये वरून चुन्याचे दोन हात द्यावेत (चुना रात्रभर भिजवून, गाळून, चिकटपणासाठी थोडा डिंक घालून), आणि खालून बांबूचे तट्टे मारावेत. तट्टा आणि पत्रा यांच्यात हातभर पोकळी हवी आणि त्या पोकळीला दोन्ही त्रिकोणी भिंतींत वर झरोके हवेत. झरोके नसतील तर गरम हवा आत कोंडून राहते आणि तट्ट्यांचा उपयोग निम्मा होतो. चुना पावसात धुपतो, तो दरवर्षी द्यावा लागतो.

नवे बांधायचे असेल तर वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राचे काम आधी पाहून यावे. कुंभाराच्या चाकावर घडवलेले शंकूच्या आकाराचे पोकळ नळे एकात एक बसवून कमान करायची आणि कमानीला कमान लावून छत पुरे करायचे, अशी ती पद्धत आहे. लाकूड किंवा लोखंडी सळई लागत नाही, नळ्यांतल्या हवेमुळे उष्णता कमी उतरते, वरून गिलावा असल्याने वानरांचे काही चालत नाही, आणि पैसा गावच्या कुंभाराकडे जातो. तिच्यातली अवघड जागा कमानीच्या पायथ्याशी आहे. कमान भिंतींना बाहेर ढकलते. तो रेटा घ्यायला पायथ्याशी पट्टा आणि जोडताण (दोन्ही भिंतींना एकमेकींकडे ओढून धरणारा दुवा) किंवा बाहेरून आधारभिंत नसेल तर माथ्यावर लांबच लांब तडा जातो. म्हणून हे काम शिकलेल्या गवंड्याकडूनच करून घ्यावे.

बांबू आपल्याकडे मिळतो तो मुख्यतः मानवेल: भरीव, मजबूत, बारीक. तीन वर्षांहून कोवळा घेऊ नये. पावसाळ्यानंतर, थंडीत तोडावा. तेव्हा त्याच्यात पिठूळ अंश कमी असतो, आणि भुंग्याला तोच अंश हवा असतो. तोडलेला बांबू बोरिक अॅसिड एक भाग आणि बोरॅक्स दीड भाग यांच्या पाच टक्के द्रावणात निदान आठवडाभर पूर्ण बुडवून ठेवावा. वर तरंगू नये म्हणून दगड ठेवावेत आणि पोकळ बांबू असेल तर आतल्या गाठी सळईने फोडाव्यात, नाही तर द्रावण आत जात नाही. ही क्षारे पाण्यात विरघळतात, त्यामुळे पावसात भिजणाऱ्या जागी असा बांबू वापरला की दोन-तीन पावसाळ्यांत औषध धुऊन जाते. कुंपणाला आणि उघड्या मांडवाला बांबू वापरायचाच असेल तर तो दर तीन-चार वर्षांनी बदलायचा, हे आधीच धरून चालावे.

पाण्याचा हिशेब सोपा आहे आणि तो सहावीच्या मुलांकडूनच करून घ्यावा. एक चौरस मीटर छतावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्ध्याकडे वर्षाला हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छतावरून, गळती-उडती वीस टक्के सोडली तरी, ८०,००० लिटर मिळते. ते सगळे साठवायची गरज नाही. शंभर मुलांना दिवसाला दोन लिटरप्रमाणे २०० लिटर पिण्याचे पाणी लागते. दिवाळीनंतर एप्रिलअखेरपर्यंत शाळेचे दिवस साधारण १३० धरले तर २६,००० लिटर झाले. टाकी ३०,००० लिटरची करावी. वरचे ४,००० लिटर मे आणि जूनमधल्या रोपांसाठी आहेत, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

टाकी फेरोसिमेंटची स्वस्त पडते. सहा मिलीमीटर सळईचा सांगाडा, त्याला दोन्ही बाजूंनी कोंबडीजाळी, एकास दोन ते एकास तीन सिमेंट-वाळूचा गिलावा, भिंतीची जाडी चार-पाच सेंटिमीटर. तिचे काम नोव्हेंबर-डिसेंबरात करावे. एप्रिलच्या उन्हात गिलावा हात फिरवेपर्यंत सुकतो आणि केसासारख्या भेगांतून टाकी जन्मभर पाझरते. दोन आठवडे ओली गोणपाटे गुंडाळून ठेवावीत. टाकीत उजेड अजिबात जाऊ नये, नाही तर शेवाळ धरते. ज्यादा पाण्याच्या नळीच्या तोंडाला डासजाळी असावी. ही जाळी हमखास विसरली जाते, आणि मग डेंग्यूची तपासणी करायला आलेल्या आरोग्यसेवकाला शाळेच्याच टाकीत अळ्या सापडतात.

पन्हळीला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार आणि एवढ्या छताला ११० मिलीमीटरच्या दोन नळ्या पुरतात. पहिल्या पावसाचे पाणी छतावरची धूळ, विष्ठा, पालापाचोळा घेऊन येते. पहिले दोन मिलीमीटर म्हणजे शंभर चौरस मीटरला २०० लिटर, ते बाजूच्या पिंपात गेले पाहिजे. पिंपाला हाताने उघडायचा कॉक बसवतात, आणि इथेच सगळे बिनसते: तो उघडायचा कुणाच्या लक्षात राहत नाही, पिंप भरलेलेच राहते आणि पुढच्या सरीचे घाण पाणी थेट टाकीत जाते. कॉकऐवजी तळाला बारीक छिद्र ठेवावे, म्हणजे पिंप काही तासांत आपोआप रिकामे होते. कडुनिंबाची पानगळ फाल्गुनात होते आणि तेव्हापासून मृगापर्यंत पन्हळीत पाला कुजत पडतो. पन्हळ साफ करण्याची तारीख भिंतीवरच्या वेळापत्रकात हवी.

पिण्याआधी पाणी शुद्ध करायला ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुरते. हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम, वेगळ्या बादलीत कालवून, निवळ पाणी ओतून, अर्धा तास थांबायचे. मग ओटी चाचणी, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीनची तपासणी, करावी. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर मात्रेचा हिशेब करण्याआधी पावडरीची पिशवी पाहावी. उघड्या पिशवीतली पावडर महिन्या-दोन महिन्यांत निर्जीव होते. प्रमाण हा विषय सातवीत आहेच, तो इथे खऱ्या बादलीवर शिकवता येतो.

स्वच्छतागृहांबाबत आम्ही आग्रहाने लिहितो, कारण मुलींचे शाळेत टिकणे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय लहान शाळेला उत्तम. एक खड्डा वापरात, दुसरा विश्रांतीत. खड्डे एकमेकांपासून निदान मीटरभर आणि विहिरीपासून पंधरा मीटर तरी दूर असावेत. चूक बहुधा पाणी एका खड्ड्याकडून दुसऱ्याकडे वळवणाऱ्या, इंग्रजी ‘वाय’ (Y) आकाराच्या मधल्या चेंबरमध्ये होते. गवंडी एका बाजूचे तोंड बंद करायला विसरतो, दोन्ही खड्डे एकाच वेळी भरतात आणि कोरडे खत कधीच तयार होत नाही. काम संपल्यावर चेंबरचे झाकण उघडून पाहिल्याशिवाय हिशेब चुकता करू नये. दुसरी चूक भांड्याची. ग्रामीण पद्धतीच्या भांड्याचा उतार २५ ते २८ अंश असतो, वास अडवणारी पाण्याची सील २० मिलीमीटर, आणि दीड-दोन लिटर पाण्यात ते धुऊन निघते. दुकानदार शहरी सपाट भांडे देतो, त्याला बादलीभर पाणी लागते. उन्हाळ्यात ते मिळत नाही आणि शौचालयाला कुलूप पडते.

काळ्या जमिनीत आणखी एक अडचण येते. ती पाणी शोषत नाही. दिवसभराच्या शाळेत शौचापेक्षा मुतारीचे आणि हात धुण्याचे पाणीच जास्त असते, आणि ते सगळे खड्ड्यात सोडले तर ऑगस्टमध्ये खड्डा काठोकाठ भरतो. खड्ड्यात फक्त शौचालयाचे पाणी जावे आणि खड्ड्याभोवती फूटभर जाडीचा रेतीचा वेढा असावा. हात धुण्याचे पाणी कर्दळ, केळी, अळूच्या वाफ्यात न्यावे. मूत्र वेगळे साठवून दहापट पाणी घालून झाडांना देता येते, ते उत्तम नत्रखत आहे. त्याची नळी मात्र रुंद आणि चांगल्या उताराची असावी. अरुंद नळीत क्षारांचा थर बसून ती सहा महिन्यांत बंद होते. स्वयंपाकघराच्या सांडपाण्यासाठी नांदेडकडचे ‘जादूचे खड्डे’ चांगले: चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मध्ये वरच्या अंगाला छिद्रे असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. गाळ टाकीत बसतो, पाणी छिद्रांतून बाहेर झिरपते. गाळ काढला नाही तर दगडांच्या फटी बुजतात आणि खड्ड्याचे डबके होते. मुलींच्या खोलीत आतूनच पाणी, खुंटी आणि झाकणाची बादली हवी. ही तीन साधने सगळ्यात स्वस्त असूनही बहुतेक नकाशांत नसतात, याचे आम्हाला दुःख वाटते.

गोबरगॅसबद्दल आमचे मत अनेकांना आवडणार नाही. जिथे जनावरे नाहीत आणि सुट्टीत राहणारे कुणी नाही, त्या शाळेने गॅससंयंत्र बसवू नये. त्यातले जीवाणू रोजच्या खाद्यावर जगतात. दीड-दोन महिने उपाशी राहून शाळा उघडली की उत्साहाने एकदम बादलीभर उष्टे-खरकटे टाकले जाते, आतले मिश्रण आंबते, आंबूस वास येतो आणि गॅस पेटत नाही. सुरू करायचेच असेल तर आठ-दहा दिवस फक्त शेणकाला घालावा, मग खरकटे नेहमीच्या चौथ्या हिश्श्याने सुरू करून वाढवत न्यावे. आंबलेच तर खाद्य थांबवावे आणि थोडी चुन्याची निवळी घालावी. पण पोषण आहारात पहिली ते पाचवीला मुलामागे शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवीला दीडशे ग्रॅम धान्य असते, त्यातून उरते किती? एवढ्यासाठी कंपोस्टचा खड्डा पुरे. त्याला सुट्टी चालते.

झाडे किती लावायची हे टाकीने ठरवावे. जुलैत वाजतगाजत दोनशे रोपे लागतात आणि पुढच्या जूनमध्ये वीस उरतात. रोपाजवळ पाच लिटरचे सच्छिद्र मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून आठवड्यातून दोनदा भरले तर एका रोपाला आठवड्याला दहा लिटर लागतात. ५० रोपांना ५०० लिटर, आठ आठवड्यांना ४,००० लिटर. टाकीत राखून ठेवलेले पाणी ते हेच. म्हणून शंभर मुलांच्या शाळेने दर दोन वर्षांनी ५० रोपे लावावीत, त्याहून जास्त नको. दोन उन्हाळे काढलेले झाड पुढे आपले आपण जगते. कडुनिंब, करंज, पळस, बहावा, मोह, बेहडा ही इथली माणसे आणि पाखरे ओळखतात ती झाडे. झटपट हिरवळीसाठी कोनोकार्पस लावू नये, गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. कुंपणाला सागरगोटा आणि निरगुडी लावावी. सागरगोट्याच्या काट्यांतून रानडुक्करही सहसा घुसत नाही, आणि बिया मुलींच्या खेळाला होतात. कुंपण दाट व्हायला तीन वर्षे लागतात, तोवर तारेची जोड हवी, नाही तर रोही (नीलगाय) आणि गावची गुरे सगळे खाऊन टाकतात. मैदानावर पेव्हर ब्लॉक टाकू नयेत. ते तापतात, पाणी मुरू देत नाहीत, आणि पडणाऱ्या मुलाचे गुडघे सोलतात. दाबलेला मुरूम आणि कडेला गवत पुरे.

सौर विजेबद्दल थोडक्यात. एका किलोवॉटच्या पॅनेलपासून दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. एका वर्गात ३५ वॉटचे दोन बीएलडीसी (कमी विजेवर चालणारे) पंखे आणि २० वॉटचे चार दिवे सहा तास चालले तर ०.९ युनिट लागते, म्हणजे चार वर्ग भागतात. अनुदानाच्या आशेने घेतलेली, बॅटरी नसलेली ‘ऑन-ग्रिड’ (विजेच्या लाइनला जोडलेली) जोडणी लाइन गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद होते. ज्या गावात भारनियमन आहे तिथे हे बसवल्यानंतर कळून उपयोग नाही. लेड-अॅसिड बॅटरी घेतलीत तर वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर आणि सुट्टीतही चार्जिंग चालू ठेवावे लागते.

या सगळ्यात मुलांनी किती काम करावे, याविषयी आमची भूमिका ठाम आहे. काम हा अभ्यास असावा, फुकटची मजुरी नसावी. पर्जन्यमापकाची रोजची नोंद, पन्हळीचे मोजमाप, ओटी चाचणी, कंपोस्टचे तापमान, मडकी भरणे, ऑक्टोबरातले लिंपण ही कामे मुलांची आहेत. छतावर चढणे, शोषखड्डा उघडणे, टीसीएलची पिशवी हाताळणे मोठ्यांचे. खड्डा दोन वर्षे विश्रांती घेऊन कोरडा झाला तरी तो मोठ्या माणसांनी, हातमोजे घालून रिकामा करावा. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणे गुन्हा आहे, आणि शाळेत तर त्या प्रथेची सावलीही नको. शौचालय धुण्याची पाळी शिक्षकांच्या नावांसकट भिंतीवर लावावी. ती शिक्षा म्हणून कुणालाही देऊ नये, जात किंवा मुलगा-मुलगी पाहून वाटू नये. एवढा नियम पाळता येत नसेल त्या शाळेने ‘श्रमातून शिक्षण’ हे शब्द फलकावर लिहू नयेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत. ते सहलीत घालवण्याऐवजी त्यातले चार दिवस गावच्या गवंड्याला, कुंभाराला, बुरडाला मानधन देऊन शाळेत बोलवावे.

शेवटी पैशाबद्दल. देणगीदार इमारत देतात, पाटी लागते, आणि देखभालीला पैसा उरत नाही. बांधकामखर्चाच्या दोन-तीन टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला लागते, मातीच्या इमारतीला थोडी जास्तच. सरकारी शाळेला समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळते (३१ ते १०० पटाला २५,००० रुपये), खासगी प्रयोगशील शाळेला तेही नाही. देणगीदारांना आमची विनंती आहे की चारऐवजी तीन खोल्या बांधाव्यात आणि चौथीचे पैसे ठेवीत टाकून तिच्या व्याजातून मे-जूनमध्ये दोन माणसांना रोजगार द्यावा. मडकी भरणे, पन्हळ साफ करणे, कवेलू फेरणे, बॅटरी पाहणे, टाकीचे झाकण तपासणे ही त्यांची कामे. केंद्रप्रमुखांनी परिसराला भेट देताना रंगवलेल्या भिंतींसोबत सुट्टीतल्या माणसांची नावेही विचारावीत.

ज्यांना पुढच्या वर्षी बांधायला सुरुवात करायची आहे त्यांनी कार्तिकात बाटलीत माती पारखावी आणि बांबू तोडून द्रावणात घालावा. टाकी मार्गशीर्षात, विटा आणि भिंती पौष-माघात, छत फाल्गुनात, पन्हळी चैत्रात बसवून वैशाखात बादलीने पाणी ओतून तपासाव्यात. फाल्गुनाअखेर छत चढले नाही तर भिंतींच्या माथ्यावर ताडपत्री घट्ट बांधून त्या वर्षीचे काम थांबवावे आणि गावातल्या समाजमंदिरात वर्ग भरवावेत. अर्धवट छताखाली मातीच्या भिंतींना पावसाळा काढायला लावू नये.

आपले,
शाळांच्या बांधकाम-देखभालीत काम करणारे काही कारागीर, शिक्षक व अभियंते,
वर्धा